बिरड्याच्या रंगाची गाडी

बाबा, परवा महाडला एका लग्नात नवरदेव जुन्या मोटारीतून आला आणि मी अक्षता मुठीत धरून मांडवाबाहेरच उभी राहिले. गाडी पुण्याहून भाड्याने आणलेली होती, पण होती अगदी तुमच्या डॉक्टरांच्या गाडीसारखी. छोटीशी, विलायती, पाठीवरून गोल उतरत गेलेली, दोन्ही गालांत दिवे बसवलेली. रंगसुद्धा तोच. त्या हिरव्याला कारखान्यात काय म्हणत असतील ते मला आजही ठाऊक नाही. आये म्हणायची, सोललेल्या बिरड्याचा रंग. वाल भिजवून, मोड आणून सोलले की आत फिकट, दुधावर गेलेला हिरवा दिसतो ना, तो. माझ्या नातवाने गेल्या वर्षी गाडी घेतली तीही पांढरीच. आताच्या सगळ्या गाड्या पांढऱ्या नाहीतर राखाडी, आणि तोंडं अशी की घरून भांडून निघाल्यासारखी. तो म्हणतो, आजी, वारा कापायला तसा आकार लागतो. असेल बापडा. आपल्या वेळच्या गाड्या वारा कापत नव्हत्या, वाऱ्याला वाट विचारत जायच्या.

तुम्ही गिरगावात त्या डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि घरी यायचात ते शिमग्याला आणि गणपतीला. मधले महिने आये कशी काढायची ते तिचं तिला माहीत. पण मे महिन्यात डॉक्टर महाबळेश्वरला जायचे, आणि पोलादपूर सोडून घाटाला लागलं की पहिल्याच वळणावर डाव्या हाताला आपलं घर. गाडी थांबवायची सोय नव्हती. डॉक्टरीणबाईंना घाटात गाडी लागायची, एकदा डोळे मिटून बसल्या की वर पोचेपर्यंत थांबायचं नाही आणि हॉर्नही वाजवायचा नाही, असा हुकूम. आता यातून बायकोला ओळख कशी द्यायची? त्या गाडीच्या दोन दारांमधल्या खांबात वळण दाखवणारा एक छोटा हात लपलेला असायचा. बटण दाबलं की टप् करून बाहेर यायचा, बोटाएवढा, आत केशरी दिवा. आपल्या वळणावर तुम्ही तो डावीकडचा हात बाहेर काढायचात. डावीकडे रस्ता नव्हताच. होतं ते आपलं अंगण, आणि अंगणात आये.

ती सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली असायची. गावचं कुणी मुंबईहून आलं की त्याच्याबरोबर तुमचा सांगावा यायचा, अमक्या वारी जाणार. मी पायरीवर, ती शेणाने सारवलेल्या खळ्याच्या कडेला. गाडी दिसते, हात वर होतो, आये डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि हसते. गाडी वळणाआड जाते. झालं. तेवढ्यावर ती पावसाळ्यापर्यंत कामाला लागायची. मी विचारायचे, "आये, बाबांनी बघितलं का गो आपल्याला?" ती म्हणायची, "बघितल्याबिगर हात वर व्हतो काय?"

मग ते वर्ष आलं. सांगावा आला, आम्ही बसलो. दुपार झाली तरी हिरवी गाडी नाही. भाकरी झाकून ठेवलेली तशीच. एक गाडी आली, इटलीच्या धाटणीची, खाली साय, वर आभाळी निळा, मधोमध चकचकीत पट्टी, मागे लहानशी शेपटं काढल्यासारखे कोपरे. तिच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं, "आये, बघ तरी, काय सोभते!" आये धुळीसाठी पदराने तोंड झाकून पाठमोरी झाली. "गप. ती आपली नाय."

दिवेलागण झाली तरी ती उठली नाही. मग तिच्या मनात नको ते यायला लागलं. वाटेतच कुठे गाडी उलटली, नाहीतर तुम्हाला कामावरून काढलं, नाहीतर तुम्ही आता हात वर करायचा सोडलात. हे तिसरं ती बोलली नाही, पण त्या रात्री तिने ते लुगडं ट्रंकेच्या पार तळाशी घातलं, यावरून मला कळलं. बाबा, मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. विनाकारण आला होता, पण आला होता.

पाऊस तोंडावर आला तेव्हा डॉक्टर खाली उतरले. मी खळ्यात चिंचा फोडत होते, आये गोवऱ्या आत घेत होती. तीच निळी गाडी वरून आली. उतरताना आपलं घर उजव्या हाताला. गाडी हळू झाली, आणि चालकाच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. खाकी बाहीचा, कोपरापर्यंत, खराखुरा. आयेच्या हातातली गोवरी खाली पडली. पदर ओढायचंसुद्धा तिला सुचलं नाही, नुसती बघत राहिली.

गणपतीत तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "वर जाताना दिवा दाखवला, तर पाठ का फिरवलीस गो?"

"मला काय म्हाईत गाडी बदलली त्ये? मी हिरवीची वाट बघत व्हते."

"रंग डॉक्टरांचा. माणूस तोच हाय."

त्यावर ती हसली आणि मग चुलीपाशी बसून बराच वेळ रडली. तुम्ही भांबावून मोदकाचं पीठ मळायला घेतलंत आणि त्याची पार वाट लावलीत.

लग्नातल्या त्या गाडीवाल्या मुलाला मी म्हटलं, तो हात काढून दाखव. तो म्हणाला, "आजी, तो कधीचा अडकलाय." तरी त्याने खांबावर बुक्की मारली, आणि हात अर्धा बाहेर आला. माझा पदर आपोआप पुढे ओढला गेला. शेजारची बाई म्हणाली, तुम्हाला जुन्या गाड्यांचं भारी वेड दिसतंय. मी हो म्हटलं. काय समजावत बसायचं?

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट बिनधास्त लिहिते. आये होती तोवर आमच्या घरात हिरव्या गाडीचंच नाव निघायचं आणि मीही मान डोलवायचे. पण मला निळीच आवडायची, बाबा. तिला तो खोटा हात नव्हता, म्हणून तुम्हाला तुमचा काढावा लागला.