कडक उन्हातली लाट

२ ऑक्टो., दसरा
जीप आली. काळी-पिवळी, नवी कोरी. बाळूनं बीडहून स्वतः चालवत आणली आणि दारात हॉर्न एवढा वाजवला की गाय दावं तोडायला लागली. सौ.नं भाकरतुकडा ओवाळून टाकला. सूनबाई सारिका पुढच्या सीटवर बसून फोटो काढून घेत होती.
मी म्हणालो, "जन्मभर एसटी चालवली मी, अन् आता माझंच पोरगं एसटीचे पॅसेंजर पळवणार." तर म्हणतो, "अण्णा, तुमची एसटी येईस्तोवर पॅसेंजर म्हातारा व्हतोय." सगळे हसले. मीही. कार्टं बोलण्यात मला ऐकत नाही.
नवी गाडी म्हणजे आपल्याकडं लिंबागणेशच्या देवळात पूजा. ह्याचं वेगळंच. कोकणात समुद्रकाठच्या गणपतीला जायचं म्हणे. दत्तू अन् अजून दोघं मित्र सोबत. "लिंबागणेश कुटं पळून चाललंय? एकदा समुद्र तर बगू द्या." उद्या निघणार.

४ ऑक्टो.
टीव्हीवर वादळाची बातमी. अरबी समुद्रात लांब, तेही आपल्या किनाऱ्यापासून दूर चाललेलं. तरी बाळूला फोन लावला. "अण्णा, हितं कडक ऊन हाय. वारा सुदिक न्हाई. वादळ पार अरबस्तानाकडं गेलं. तुमी कावून घाबरता?" उद्या पूजा, मग थोडं पाण्यात खेळून परत.
बातम्यांत लाटांचा इशाराही सांगत होते, पण तो मच्छिमारांसाठी. आभाळ स्वच्छ आहे म्हणतोय तर काळजी नाही.

५ ऑक्टो.
दत्तूचा फोन. रडत होता, शब्द कळेनात. बाळूला पाण्यानं ओढून नेलं. बाकी तिघं बाहेर आले. बाळू अजून
सौ.ला कसं सांगू. सारिकानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाचा फोन व्हता, मामा?" मी काय बोललो आठवत नाही. तिला कळलं मात्र.
तात्याला, माझ्या थोरल्या भावाला, बरोबर घेऊन निघतोय.

७ ऑक्टो., कोकण
जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. वर आभाळ लख्ख. बोटी शोधतायत. पाणी आमच्या पोरासाठी थांबत नाही, येतं आणि जातं, येतं आणि जातं.
पो. स्टे.च्या ओट्यावर बसून दत्तूनं सगळं सांगितलं. आमच्याकडं पुराचं पाणी ओलांडायचं तर माणसं हाताला हात धरून साखळी करतात. उभं राहून अंदाज घ्यायचा, पाणी उतरलं की चालू लागायचं. यंदा नदी पुलावरून गेली तेव्हा ह्याच चौघांनी तशी साखळी करून गावातल्या म्हाताऱ्या बायका पलीकडं पोचवल्या होत्या. गावानं कौतुक केलं. इथंही पाण्यात तसेच उभे राहिले, बाळू समुद्राकडच्या टोकाला. एक मोठी लाट मागं गेली, पायाखालची वाळू मोकळी पडली. बाळू म्हणाला, "पानी उतरलं बे, चला." नदीचं उतरलेलं पाणी असं लगेच परत येत नाही. हे आलं.
लाल झेंडा होता. शिट्ट्याही वाजवल्या होत्या. "आमाला वाटलं पव्हणाऱ्यांसाठी हाय. आमी तर नुसते हुबे व्हतो, अण्णा." असं म्हणत दत्तू कपाळ बडवून घेत होता. मी त्याचे हात धरले.
जमादार भला माणूस आहे. म्हणाला, "बाबा, वादळ तिकडं लांब असतं, पण त्यानं ढकललेलं पाणी इथपर्यंत येतं. वर ऊन असतं आणि खाली ओढ असते." म्हणजे वादळ अरबस्तानाकडं आणि नेलं इथून माझं पोरगं. भांडायचं तरी कुणाशी?

१० ऑक्टो.
शोध थांबवला. थांबवला म्हणत नाहीत, "कमी केला" म्हणतात. काही कळलं तर फोन करतील.
जीप घरी आणायची होती. दत्तू स्टिअरिंगला हात लावेना. मीच चालवली. बॉनेटवर पूजेचा झेंडूचा हार तसाच होता, वाळलेला. घाटात पाकळ्या उडून काचेला चिकटत होत्या. वायपर लावायला हात धजला नाही.
गाडी छान चालते. गिअर मऊ आहे. बाळूला क्लचवर पाय ठेवून चालवायची खोड आहे. ती मोड म्हणून सांगायचं राहिलं.
तात्या मागं बसला होता. वाटभर एक शब्द बोलला नाही.

१५ ऑक्टो.
आज तात्या बोलला. भावकी जमली होती. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दहावा-तेरावा. "पोराला असं किती दिस पान्यात ठिवायचं, नामदेवा?" तात्याचं चुकत नाही. त्यानं बाळूला खांद्यावर खेळवलंय, बोलताना त्याचाच आवाज फुटला.
सौ. उठून आत गेली. सारिका दारात उभी होती. म्हणाली, "मामा, पुतळ्याला अग्नी दिला की मग मी कोण?"
ती रोज कुंकू लावते. बायका कुजबुजतात. मला मात्र तिचं कपाळ बघितलं की जिवाला बरं वाटतं, आणि लगेच नजर वळवतो.

२२ ऑक्टो., पाडवा
दिवाळी केली नाही. तरी सारिकानं सकाळी ओवाळायचं ताट केलं. आज नवऱ्याला ओवाळायचा दिवस. ताट घेऊन अंगणात जीपशेजारी जाऊन उभी राहिली. वाटलं गाडीला ओवाळेल. नाही ओवाळलं. निरांजन विझेपर्यंत उभी होती, मग ताट घासून जागेवर ठेवलं. सौ. म्हणाली, "चल बाई, दोन घास खा." दोघी एका ताटात जेवल्या.
मी शेतात गेलो. सोयाबीन भिजून काळं पडलंय. तिथं कुणी नव्हतं, पोटभर रडून घेतलं.

२५ ऑक्टो.
रोज उठलो की मोबाईलवर समुद्राचं हवामान बघतो. भरती कधी, लाटा किती, मच्छिमारांनी जावं की नाही. आख्ख्या बीड जिल्ह्यात हे बघणारा मी एकटाच खुळा असेन. वडवणीच्या बाजारात चहा पिताना एकानं सहज विचारलं, "अण्णा, आज पाऊस हाय का?" माझ्या तोंडून निघालं, "समुद्र शांत आहे." त्या बिचाऱ्यानं माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले. मला राग आला त्याचा. उगीचच.
आज तात्याला हो म्हणालो. असं अधांतरी किती राहायचं? गुरुजींनी बुधवार दिलाय. सारिकाला मीच सांगितलं. "बरं," म्हणाली. एवढंच. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

२८ ऑक्टो.
पळसाची पानं आणायला माळावर गेलो. गुरुजींनी सांगितलंय, डोक्याला वेगळी, छातीला वेगळी, हातापायांना वेगळी. खुडायला सुरुवात केली. हे डोकं. हा हात. पुढं खुडवेना. होती ती पानं बांधावर ठेवून घरी आलो. तात्याला म्हणालो, चांगली पानं नाहीत.
"माळ भरलाय पळसानं, नामदेवा."
"मला न्हाई घावली."
तात्या उठून गेला.

२९ ऑक्टो.
उजाडता तात्यानं स्वतःच पानं आणून दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून. गुरुजी यायच्या आधी जमादाराचा फोन आला. किनाऱ्यानं बरंच खाली एका गावाला एक देह लागलाय. चेहऱ्यावरून ओळखण्याजोगं काही उरलेलं नाही. एका मच्छिमार बोटीवरचाही माणूस बेपत्ता आहे, त्याच्याही घरी कळवलंय. "तुमचाच असेल असं नाही, बाबा. पण येऊन जा."
देवापुढं उभा राहिलो. बाळू असू दे म्हणू की नसू दे म्हणू? कुठलंच तोंडातून निघेना. तसाच मागं फिरलो.
पुतळा थांबवला. तात्या म्हणाला, जाऊन या, मग बघू. सारिका येते म्हणाली. मी नको म्हणालो, तिथलं तुला बघवणार नाही. "माझ्याबिगर कोण वळखल त्यास्नी?" तयार होऊन बसलीय. कपाळावर कुंकू आहे.
दत्तू गाडी चालवायला आलाय. मी पुन्हा त्या घाटात चालवू शकणार नाही.
सौ.नं पिशवी भरून दिली. भाकरी असतील म्हणून उघडली. आत बाळूची पँट, निळा शर्ट, टॉवेल, बनियनसुद्धा. सगळं धुऊन, घडी घालून.
"हे कशाला गं?"
"वल्या कापडानं कसं आणताल त्याला?"
पिशवी घेतली. निघतो.