तुझं तू बघ

१२ जानेवारी

ति. बाबांस,
तुमच्या तराजूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लांबलंय, चष्मा पुसून घ्या. फोनवर ओरडून सांगितलं असतं, पण मागच्या वेळी मी ‘परीक्षा’ म्हटलं, तुम्ही ‘रिक्षा’ ऐकलंत आणि कुठे निघालीस म्हणून विचारत बसलात.

आहारशास्त्राचा अभ्यास संपत आला. आता वर्षभराची इंटर्नशिप. दोन जागा माझ्या आवाक्यात आहेत. एक आपल्या घरामागचं हॉस्पिटल. तिथे रुग्णांची ताटं तपासायची, पथ्य समजवायचं. दुसरं लांबचं, मोठं. तिथे गिळता न येणाऱ्या माणसाला नळीवाटे अन्न कसं द्यायचं ते नीट शिकवतात. आईच्या आजारात आपल्याकडे हे कुणालाच धड येत नव्हतं, आणि ती भरल्या घरातून उपाशी गेली. मला ते शिकायचंय.

पण मग आणखी वर्षभर तुम्ही एकटे. बिस्किटांच्या डब्यावर पहारा कोण देणार? पसंतीक्रम एकदाच भरायचा असतो, जागा मिळाली की बदल नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन.

लांबच्या हॉस्पिटलात पांढऱ्या कोटाला निळी कॉलर असते. हे आपलं तुमच्यातल्या शिंप्याच्या माहितीसाठी.

लोभ आहे तेवढा पुरे, साखर मात्र वाढू देऊ नये, ही विनंती.

तुमची तराजू


१९ जानेवारी

चि. तराजूस अनेक आ.

पत्र पोचलं. दुकान बरं चाललंय. शेजारच्या मास्तरांची विजार पुन्हा सैल करून दिली. पोट त्यांचं सुटतं आणि दोष माझ्या मापाला. तू माझा घास न् घास तोलतेस तसं तोलणारं कुणीतरी त्यांच्याही घरी हवं होतं. बिस्किटं संपली आहेत. मी ती टाकून दिली असं समज.

इंटर्नशिपचं वाचलं. मला त्यातलं काय कळतं? मी कापड बेतणारा माणूस. तू शिकलीस, मोठी झालीस. तुझं तू बघ.

लोभ असावा असं बापाने काय लिहायचं? तो इथेच असतो, दुकानाच्या वेळात.

बाबा


२३ फेब्रुवारी

ति. बाबांस,
शि. सा. न.

निकाल लागला. मला घरामागचं हॉस्पिटल मिळालं. पहिल्या नंबरावर तेच लिहिलं होतं. लांबची जागा हॉस्टेलच्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला मिळाली. तिने ती सहज म्हणून लिहिली होती. मी तिचं तोंड गोड केलं.

राग मानू नका, पण तुमचं ‘तुझं तू बघ’ मला सरळ वाचता आलं नाही. आई हेच म्हणायची ना? मग भांडी आपटायची, आणि घर दोन दिवस मुकं. ‘तुझं तू बघ’ म्हणजे ‘खबरदार’, हे मी बोलायला लागायच्या आधी शिकले. म्हणून निमूटपणे घराजवळचं लिहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता तुमच्या डब्यावर रोज धाड पडेल, एवढाच फायदा.

लोभ ठेवा, बिस्किटं लपवून ठेवू नका.

तराजू


२ मार्च

चि. तराजूस अनेक आ.

पत्र वाचलं आणि मशीन बंद केलं. अगं वेडे, तो राग तुझ्या आईचा होता. मला कुठे तिच्यासारखं रागावता आलं? मी सरळ अर्थाने लिहिलं होतं.

खरं तर मला एकच अक्षर लिहायचं होतं: जा. लिहिलं आणि खोडलं. निघालेल्या माणसाला आपण जा म्हणत नाही, ये म्हणतो. तुझ्या आईला ऑपरेशनला आत नेताना मी ‘जा, घाबरू नकोस’ म्हणालो होतो. ती घरी आली, पण त्यानंतर तिला घास काही गिळता आला नाही. तेव्हापासून तो शब्द मला लिहवत नाही.

निळ्या कॉलरचे दोन कोट शिवून, इस्त्री करून ठेवलेत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात शिवले. तेव्हाच पाठवले असते तर तुला सगळं कळलं असतं. मला वाटलं, निकाल लागल्यावर हातात द्यावेत. माझं शहाणपण नडलं. कॉलेजात विचारून बघ, अजून काही होतं का.

लोभ ठेव. रागही थोडा ठेवलास तरी चालेल.

बाबा


११ मार्च

ति. बाबांस,
शि. सा. न.

विचारलं. ऑफिसातल्या बाई भल्या होत्या, बसायला खुर्ची देऊन मग नाही म्हणाल्या.

तुमच्यावर राग नाही. हळहळ आहे, आणि ती जाईलसं वाटत नाही. उद्या कुणाच्या तरी आईला घास गिळता येणार नाही, आणि मी तिच्या खाटेशी पुन्हा तशीच उभी राहीन, आपल्या आईच्या खाटेशी उभी होते तशी. मला तेवढंच टाळायचं होतं.

कोटांच्या निळ्या कॉलरी उसवा आणि पांढऱ्या लावा. आपल्या हॉस्पिटलात साधे पांढरेच घालतात. सुईची भोकं राहिली तरी राहू द्या, कॉलरीखाली कोण बघतंय.

लोभ आहेच.

तराजू

ता. क. मैत्रीण काल गेली. दारातून वळून ‘येते हं’ म्हणाली. निघताना सगळेच तसं म्हणतात. बाबा, मी रविवारी येते. मी खरंच येतेय.