कोबीचा प्रश्न

१२ जानेवारी २०२५, नारायणगाव

नात सिद्धीला शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत बुद्धिमत्तेच्या पेपरात फार कमी गुण मिळाले. तिचा बाप पारस हसून म्हणाला, "दादीवर गेली!" पोरगी न जेवता उठली.

हा विनोद या घरात मीच रुजवला. उगमला, म्हणजे सिद्धीच्या दादीला, पाहण्यास मंचरला गेलो, तेव्हा मी मानसशास्त्राचा नवा पदवीधर होतो. बुद्धिमापनाचा प्रश्न कागदावर उतरवून नेला होता — गटात न बसणारा शब्द ओळखा: बटाटा, कांदा, लसूण, कोबी. खाली मान घालून ती म्हणाली, "बटाटा."

पुढे आयुष्यभर मी म्हणत असे — नापास होतीस, तरी पदरी घेतली. माझ्या पोळीवर तूप वाढता वाढता ती म्हणे, "बरं केलंत."

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. उगम गेल्यानंतरची पहिली. घरात तीळ भाजल्याचा वास नाही.

१५ जानेवारी

"दादाजी, मी दादीसारखी ढ आहे का?" सिद्धीने विचारले. मी तोच जुना प्रश्न तिला घातला. क्षणात म्हणाली, "कोबी! बाकीचे जमिनीखालचे. आपण खात नाही."

शाबासकी दिली आणि थबकलो. आमचे प्राध्यापक बजावत असत — ज्याचे उत्तर मुलाला घरातच मिळालेले असते, तो प्रश्न ज्ञान मोजतो, बुद्धी नव्हे. जैन मुलीला हा प्रश्न म्हणजे स्वयंपाकघराची उजळणी! हे मला तेव्हा कसे उमगले नाही?

आणि मग उगम चुकली कशी? तिच्या माहेरी तर कांद्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता.

१६ जानेवारी

मंचरला मेहुणी बदामबाईंना फोन केला. बराच वेळ त्या हसतच राहिल्या.

"तिला ठावं नसंल व्हय, जिजाजी? मुद्दाम चुकली व्हती ती. मला म्हणली, चुकल्यावर मानूस कसा वागतो ते बघायचं व्हतं."

मी कसा वागलो होतो, ते मला काही केल्या आठवेना. त्यांनीच सांगितले. मी म्हणे कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणालो, "प्रश्नच चांगला नव्हता." आत जाऊन उगमने लगेच होकार कळवला.

इतकी वर्षे एका शब्दाने बोलली नाही!

१७ जानेवारी

सिद्धीला सारे सांगितले.

"म्हणजे दादी पास होती?"

"दादी परीक्षक होती."

रात्री पोरीने पोळीवर तूप मागून घेतले.