माझं वाढलेलं पान

आई, भाद्रपद शुद्ध चतुर्थी, दुपारी दीड वाजता, नौपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात तू मला वाढलेल्या पानावरून उठवलंस. मी दहावीत होते. तू म्हणशील, इतक्या वर्षांनी वेळ कशी लक्षात राहील? राहिली, कारण माणसांकडे बघायची लाज वाटत होती म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मागच्या गल्लीतली, माझ्याच वर्गातली मैत्रीण त्या दिवशी आपल्याकडे जेवायला होती. पाहुणीला एकटीला कसं बसवायचं म्हणून तूच मला तिच्या शेजारी, पुरुषांच्या पंगतीला बसवलं होतंस. सकाळपासून मोदक वळून माझी बोटं उकडीने पांढरी झाली होती. मी मोदक फोडला, त्यावर तूप घेतलं, आणि कल्याणचे काका दारात उभे राहिले. जागा एवढीशी, पाट मोजके. तू माझ्या दंडाला धरून म्हणालीस, "ऊठ गं. काकांना बसू दे. तू काय, घरचीच." काका म्हणाले, "असू दे वहिनी, मी थांबतो की," आणि असं म्हणता म्हणता बसलेसुद्धा. माझा फोडलेला मोदक त्यांनी बाजूला सारला, दुसरा मागितला, आणि तू मला सांगितलंस, "उभीच आहेस तर वरण फिरव." मैत्रीण खाली मान घालून भात कालवत राहिली.

शाळेत सिस्टर आम्हाला काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, पाठ ताठ, कोपर टेबलावर नाही असं घोकून घ्यायच्या. त्या शाळेसाठी तू बाबांशी भांडलीस हे मी विसरलेले नाही. पण कसं बसायचं हे एवढा खटाटोप करून शिकवलंस, आणि बसू मात्र दिलं नाहीस. त्यानंतर मी कुठेच नीट बसले नाही. सासरी नाही, ऑफिसात नाही. माझ्या स्वतःच्या निरोप समारंभात मी बटाटेवड्यांच्या डिश वाटत होते. शिपाई म्हणाला, "मॅडम, आज तरी," तर त्यालाच दटावलं.

तीच मैत्रीण आता फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात, तळ्याकाठच्या एका लहानशा गावात राहते. नवरा गेला, मुलं लांब. या उन्हाळ्यात तिने मला हट्टाने बोलावून घेतलं. "काही करायचं नाही, नुसती ये आणि लोळ," म्हणाली. गाव एवढंसं की दुपारी दुकानंसुद्धा झोपतात. तळ्याकाठी बाक, बाकावर म्हातारे, आणि कोणी कोणाला विचारत नाही की तुमचं इथे काय काम. माझं इंग्रजी तिथे कोणाला नको होतं. बोंजूर आणि मेर्सी एवढ्यावर माझं भागलं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पण सकाळी डोळा उघडला की मी तिच्या ओट्याशी. एकदा तिने माझ्या हातातली घासणी ओढून घेतली. "अगं, तू पाहुणी आहेस का मोलकरीण?" मी म्हटलं, "घरचीच." तिने नळ बंद केला. तिलाही आठवलं असणार.

मग एका रविवारी तिने शेजाऱ्यांना बागेत जेवायला बोलावलं. मी मसालेभात केला, अळूची पानं नाही मिळाली म्हणून कोबीच्या वड्या केल्या. सगळे टेबलाशी बसले आणि मी आपली पातेलं घेऊन उभी. वाढून झालं. कोणी खाईना. मी हसून खुणेने म्हटलं, घ्या, सुरू करा. ते हसले, हात मांडीवर. मला वाटलं, भाताचा वास आवडला नाही. मी चटणी आणली, पाणी आणलं, पापड आणले. भात निवत चालला. एक म्हातारे गृहस्थ, हातात काठी, ते तर उठून उभेच राहिले. शेवटी मैत्रीण मराठीत ओरडली, "अगं बाई, बस ना! तू बसल्याशिवाय यांच्यातलं कोणी घास घेणार नाही. इथली रीत आहे ती!" त्या म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. मी बसले. मग सगळ्यांनी काटे उचलले. आई, ज्यांना माझं नावही धड उच्चारता येत नव्हतं, त्यांनी माझ्यासाठी हात आवरून धरला होता. मला घास गिळवेना. मैत्रिणीने त्यांना सांगितलं, मिरची लागली.

डोंबिवलीला परतल्यावर मी ठरवलं, आता आपणही बसायचं. जेवणाच्या वेळी सगळं टेबलावर मांडलं आणि खुर्चीत बसून राहिले. मुलगा मोबाइल बघत जेवत होता, सून दुसऱ्या फोनवर. त्यांनी केव्हाच सुरू केलं होतं. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "आई, बसलीच आहेस? मीठ दे ना." मिठाची बरणी ओट्यावर होती. मी उठले. उठले, याचा राग त्याच्यावर नाही, तुझ्यावर आहे.

तर मी आयुष्यभर हाताखालच्या लोकांकडून खुलासे मागवले, आज तुझ्याकडून मागवते आहे. दुसरी पंगत उरकून आपण दोघी जेवायला बसलो तेव्हा मोदक संपले होते. तू पातेल्याला लागलेलं सारण खरवडून सगळं माझ्या पानात घातलंस आणि म्हणालीस, "हेच जास्त गोड लागतं." तुझ्या पानात काय होतं, ते मी तेव्हा बघितलं नाही. काय होतं? आणि तुला पहिल्यांदा कोणी उठवलं होतं, कोणत्या पंगतीतून, किती वर्षांची होतीस? "तेव्हा असंच असायचं गं" हे उत्तर मी धरणार नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते भिंतीवरच्या तुझ्या फोटोमागेच राहील, हे मला कळतं. तरी मुदत देते. सर्वपित्रीला मी गच्चीवर तुझं पान वाढते, खीर, वडे, सगळं, आणि कावळा शिवेपर्यंत उपाशी उभी राहते. या वर्षी शेजारी माझंही पान असेल आणि मी बसलेली असेन. खरं तर तू आल्याशिवाय मला घास घेता येणार नाही, हेही तुला ठाऊक आहे. म्हणून सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत उत्तर दे. लेखी.