नवव्या बाटलीतली साखर

पप्पा, आज सकाळी फ्रिजवरून भांडण झालं. नवरा म्हणतो, श्रीखंडाला जागा नाही आणि तुझ्या बाटल्या दोन महिने आरामात झोपल्यात. म्हटलं, झोपल्यातच त्या. साखर खाऊन लिलीचे कंद गुबगुबीत झाले की असेच पडून राहतात, बरेच दिवस गारठा दिल्याशिवाय उठत नाहीत. तर म्हणाला, "तुझ्या माहेरचेच दिसतात." मग तुम्ही आठवणारच ना.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही अजून उभे आहात, ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून आलेले, हातात डबा. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष, लॅबमध्ये नंबर लागेना म्हणून प्रोजेक्ट मम्मीच्या ओट्यावर. लिलीच्या कंदाला कांद्यासारखे पापुद्रे असतात. एकेक सोलून बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा, की त्याला बारके कंद फुटतात. बाटलीत बंद असल्यावर स्वतःचं अन्न नीट करता येत नाही, म्हणून जेलीत साखर. मी साखरेच्या डब्यात हात घालते आणि तुम्ही ओरडता, "हे कुठलं माप?"

"मूठ."

"मुठीनं विमान उडतं का?"

मम्मी पोळी लाटता लाटता म्हणते, "माझ्या घरात सगळं मुठीनंच होतं. तरी दोन पोळ्या जास्तच जातात तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मेन रोडवरून तो छोटा डिजिटल काटा आणलात. लिटरला तीस ग्रॅम म्हणजे तीस, एकतीस नाही, असं बजावून माझ्या डोक्यावर उभे राहिलात. नऊ बाटल्या भरल्या. जंतू मारायला कुकरमध्ये ठेवायच्या आधी मी झाकणं आणायला खाली गेले, तुम्हाला लक्ष ठेवायला सांगून. परत आले तर तुम्ही पेपरात तोंड खुपसून बसलेले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

काही आठवड्यांनी आठ बाटल्यांत मुगाएवढे कंद आणि नवव्या बाटलीत चक्क हरभऱ्याएवढे! बाटली उलटी केली. बुडाला तुमच्या मार्करनं लिहिलेलं: साखर जास्त, अंदाजे.

"पप्पा, हे अक्षर कुणाचं?"

"बघू. माझंच दिसतंय."

"किती घातलीत?"

"वाढीची पोरं ती. तीस ग्रॅममध्ये काय होतंय त्यांचं?"

"पप्पा, किती?"

"आता ते कसं आठवणार!"

मम्मीनं हसता हसता पोह्यात दोनदा मीठ घातलं. मी मात्र रडकुंडीला आले होते. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये बघण्यासारखी तीच एक बाटली, आणि रिपोर्टात साखरेचा रकाना रिकामा. आकड्याशिवाय तिला किंमत शून्य.

तो रकाना मला इतकी वर्षं टोचत होता. म्हणून यंदा, नोकरी-संसार सांभाळून, पुन्हा बाटल्या लावल्या. काटा तुमचाच. लिटरला तीस, साठ, नव्वद, एकशेवीस. एकशेवीसवाले रुसले, वाढेचनात. साखर फार झाली की असंही होतं. नव्वदवाल्यांचं वजन जुन्या रिपोर्टशी ताडून पाहिलं. तुमच्या नवव्या बाटलीतल्या कंदांएवढंच! म्हणजे तुम्ही घातलेली किती? बाटलीत शंभर मिली खाद्य, माझी साखर तीन ग्रॅम, वरची सहा तुमची. उगाच गंमत म्हणून चहाचा चमचा घेतला आणि काट्यावर साखर टाकली. एक चमचा. मग अर्धा. सहा.

दीड चमचा, पप्पा. मम्मीनं दोन घातले की चहा परत पाठवायचात तुम्ही, तो दीड. अंदाजे म्हणे! लेकराला आपल्या बशीतला चहा पाजावा तसा तुम्ही त्या बाटलीला पाजलात, तोही मोजून. मी ओट्याशी एकटीच हसत बसले.

हा कागद काट्याच्या डब्यात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक राहिलंय. तुम्ही माझा रिपोर्ट बिल्डिंगभर दाखवत फिरलात, "बघा पोरीचं मोजमाप" म्हणत. त्यात नवव्या बाटलीच्या रिकाम्या रकान्यात शेवटी भरलेला नव्वदचा आकडा मी मोजला नव्हता. लायब्ररीतल्या पुस्तकात बघून ठोकून दिला होता.