देवाच्या नावावर

१२ डिसेंबर १९६३

प्रिय सुनीती,

यंदा गावपळण झाली. देवाचा हुकूम आला आणि सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला गेला, गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट. तुझ्या आईचं मांजर पिशवीत घालून मीही गेलो. वाटेत त्याने मला दोनदा ओरबाडलं. खाडीकाठच्या झोपडीत मी आणि ते मांजर, दोघंच. शेजारी चुली पेटलेल्या, माणसांचा गलका. आई गेली, तू तिकडे नागपूरला; इतकं एकटं मला घरात वाटलं नव्हतं.

बेळगावच्या कॉलेजात तीस वर्षं मी शिकवलं, की राज्य नव्हतं तेव्हा माणूस कसा राहत असेल, याची पाश्चात्त्य विचारवंतांनी नुसती कल्पना केली. माणसांनी आपसांत करार केला आणि समाज उभा राहिला, असं ते म्हणत. आपला गाव दर काही वर्षांनी ते करूनच बघतो. गावात ज्या वाड्यांच्या विहिरी वेगळ्या, त्या इथे एकाच झऱ्यावर पाणी भरत होत्या. कोणाला विटाळ झाला नाही. मला गुरुदास आठवला. त्याची जात तेवढी मला दिसली होती.

चौथ्या सकाळी शिवा गुरवाने देवळात जाऊन परतण्यासाठी कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी डावीकडची पडली, म्हणजे देवाचा नकार. त्याचीच सून झोपडीत कळा देत होती. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, उजवी पडली म्हणून सांग, कोणाला कळणार आहे? तो म्हणाला, "देवाच्या नावान खोटा कसा सांगू, मास्तरानू?" आम्ही आणखी एक दिवस राहिलो. सून तिथेच बाळंत झाली, मुलगी आहे.

राजे आपली मर्जी देवाच्या नावावर खपवतात, म्हणून वर्गात मी त्यांची टर उडवायचो. सात वर्षांपूर्वी तू म्हणालीस, आबा, कौल नाही आला तर गुरुदासशी लग्नाचा विषय काढणार नाही. तो शब्द तू पाळलास. देवळात तेव्हा मी आणि शिवाचे वडील, दोघेच होतो. ते आता नाहीत, म्हणून हे माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही. पाकळी उजवी पडली होती, सुनीती. लोकांना भिऊन मी घरी येऊन डावी सांगितली. लबाडीने घेतलेला शब्द कोणाला बांधत नाही, हेही मीच शिकवायचो. तू मोकळी आहेस. गुरुदासलाही बांद्याला हेच लिहिलं आहे. माझं तोंड बघू नकोस हवं तर, पण त्याला उत्तर दे.

तुझाच,
आबा