दिल्लीचा फोन खरा होता

४ नोव्हें., अक्कलकुवा
दुपारी माझ्या केबल-इंटरनेटच्या दुकानात दिल्लीहून फोन. बाई, हिंदीत, फार गोड. म्हणे सरकारकडून बोलतेय, तुमच्या लाइनवरच्या काही राउटरांत व्हायरस शिरलाय. माझे कान तिच्या मागच्या आवाजांवर. दहाबारा जणी तेच वाक्य घोकत होत्या. भामट्यांचे अड्डे असेच वाजतात. म्हटलं, "बहनजी, मेरी भी लॉटरी लगी क्या?" आणि ठेवला. संध्याकाळी टपरीवर नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले.

५ नोव्हें.
मोलगीहून गुलाबचा फोन. घाटावर केबल नेली तेव्हा माझ्याबरोबर खांब वाहिले त्याने. आता माझ्याच नेटवर सेवा केंद्र चालवतो. दाखले, रेशनचे अंगठे. त्यालाही तीच बाई. राउटर पुसून नव्याने लावा, पासवर्ड बदला म्हणते, तसं करू का, विचारत होता. मी नक्कल ऐकवली. सरकार कधी एवढं गोड बोललंय का? तोही हसला.
मग गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकलं: असा फोन आला तर ठेवून द्या. – आबा.

१० नोव्हें.
नंदुरबारहून सायबर पोलिसांच्या मॅडम दुकानात. फोन खरा होता.
बँकेचं नाव टाकलं की राउटर कुणाला तरी पत्ता विचारतो. व्हायरसने ते विचारण्याचं ठिकाणच बदललंय. चोर लोकांना खोट्या पानावर पाठवत होते. सरकारने चोरांची यंत्रं ताब्यात घेतली, पण लगेच बंद केली नाहीत. लोकांचं नेट जाऊ नये म्हणून त्याच जागी बसून खरे पत्ते सांगतायत. १५ ला ती बंद, मग व्हायरसवाल्या राउटरांचं नेट जाणार. तोवर राउटर पुसून घ्यायचे, पासवर्ड बदलायचे.
आधी कळवायचं ना, मी म्हटलं.
"फोन केले होते. तुमच्याच भागात कुणी ऐकून घेतलं नाही."
चहा मागवला. दुसरं काय करणार.

११ नोव्हें.
ग्रुपवर टाकलं की फोन खरा, आमची माणसं येतायत, राउटर दाखवा. कुणी विश्वास ठेवीना. आबाचा नंबर चोरांनी घेतला म्हणतात! बोलून पाठवलं, तर गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "आवाज बी नकली बनाडतस आते." शेवटी स्वतः दारोदार. तोंड बघून मग आत घेतात. मीच शिकवलेलं.

१३ नोव्हें.
मोलगी. केंद्राला कुलूप नाही, पण काम बंद. चोरांच्या खोट्या पानावर गुलाबने केंद्राचा पासवर्ड त्या फोनच्या आधीच टाकला होता. परवा त्याच्या आयडीवरून भलतीकडे कुणी खोटे दाखले काढले. जिल्ह्याने आयडी गोठवला. त्या फोननंतर लगेच बदलला असता तर... बाया ओट्यावर बसून. रेशनसाठी आता अक्कलकुव्याला उतरायचं, रोजगार बुडवून.
राउटर पुसला. गुलाब रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मला खरं वाटत होतं आबा. तुम्ही हसले म्हणून मी बी हसलो."
जेवलो नाही तिथे. त्याच्या बायकोने आग्रह केला होता.

१५ नोव्हें.
दिल्लीने चोरांची ती यंत्रं बंद केली. आमच्याकडे दोनचार घरं सोडता नेट चालू. मॅडमनी शाबासकी दिली फोनवर.

१७ नोव्हें.
गुलाबला गाडीत घेऊन नंदुरबारला जिल्हा कचेरीत, आयडीसाठी. साहेबांनी विचारलं, दिल्लीचा फोन आला होता, मग ऐकलं का नाही? कुणी सांगितलं होतं?
मी तोंड उघडणार तोच गुलाब म्हणाला, "कोणी नाही साहेब. माझंच डोकं."
दुरुस्त करता आलं असतं. माझं नेटच्या धंद्याचं लायसन डोळ्यापुढे आलं. गप्प बसलो.
साहेब म्हणाले, चौकशी होईल, मग बघू. गुलाबला बेजबाबदार म्हणाले.
बाहेर आल्यावर मी त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं. "तुम्ही व्हा पुढे आबा, मी बसनं येतो." बसने मोलगीला जायला अंधार पडतो. माझा रस्ता तोच. त्यालाही माहीत, मलाही.

१८ नोव्हें.
त्याचा फोन नाही. सकाळी गाडी काढली. फाट्यावर उभा आहे, इंजिन चालू. एकीकडे मोलगीचा घाट, एकीकडे नंदुरबार. आधी साहेबांकडे जाऊन खरं सांगू, का आधी गुलाबकडे…